मंगळावरचा गुळगुळीत गोटा

सप्टेंबर २०१२ मध्ये मंगळावरून आलेला एक फोटो मी अजून अधूनमधून उघडून बघतो. त्यात डोंगर नाही, दरी नाही. जुन्या घराची कोब्याची जमीन फुटावी आणि तिचा एक तुकडा तिरका होऊन वर यावा, तसा एक खडक आहे. त्याच्या तुटलेल्या कडेतून बारके बारके गोटे डोकावताहेत, काही सुटून खाली सांडलेत. 'क्युरिऑसिटी' रोव्हरला गेल नावाच्या विवरात उतरून तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता.

हा फोटो महत्त्वाचा, कारण त्यातले गोटे गोल आहेत.

कड्यावरून सुटलेला दगड टोकेरी असतो. तो वाहत्या पाण्यात पडला की लोळतो, दुसऱ्या दगडांवर आपटतो, आधी त्याचे कोपरे झिजतात, मग कडा, आणि बऱ्याच अंतरानंतर तो हातात घ्यावासा वाटेल इतका गुळगुळीत होतो. वाराही दगड झिजवतो, पण लिंबाएवढा दगड मैलोन्‌मैल लोळवत नेण्याची ताकद वाऱ्यात नसते. मंगळावरची हवा तर आपल्याकडच्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ. गेल विवरातल्या त्या खडकात वाळूच्या कणांपासून लिंबाएवढ्या गोट्यांपर्यंत सगळं एकत्र येऊन घट्ट झालेलं होतं. असा माल फक्त ओढा किंवा नदीच आणून टाकते.

आणि गोट्याचा आकार आणखी काही सांगतो. अमुक एवढा दगड हलवायला पाण्याला किमान किती जोर लागतो, हे पृथ्वीवरच्या नद्यांमध्ये मोजून ठेवलेलं आहे. मंगळाचं गुरुत्वाकर्षण कमी, त्याची दुरुस्ती करायची आणि हिशेब उलटा मांडायचा. उत्तर आलं ते असं: पाण्याचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढा; आणि खोली घोट्यापासून कमरेपर्यंत कुठेतरी. साडेतीन अब्ज वर्षांहूनही जुना ओढा, तोही दुसऱ्या ग्रहावरचा, आणि त्यातून चालत गेलो असतो तर पाणी कुठवर आलं असतं हे आपल्याला ठाऊक आहे!

मंगळावरच्या पाण्याची गोष्ट समजून घ्यायची तर अशा बारक्या खुणांवर जास्त विसंबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. भव्य गोष्टी फसवतात. मंगळावरची सगळ्यात मोठी दरी, 'व्हॅलेस मरिनेरिस', सुमारे ४,००० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ७ किलोमीटर खोल आहे. तिचा फोटो पाहिला की पहिला विचार येतो तो एखाद्या महानदीचा. पण ती मुळात नदीने कोरलेली नाही. शेजारचा थार्सिस नावाचा ज्वालामुखींचा प्रदेश फुगून वर आला, त्या ताणाने मंगळाचं कवच फाटलं, मधला भाग खचला. नंतर कडे कोसळून दरी रुंदावत गेली. पाण्याचा वावर तिथेही होता, खनिजांवरून ते कळतं, पण दरी पाडण्याचं मुख्य काम त्याचं नव्हे.

मग पाण्याने नेमकं काय केलं?

हे कळायला आपल्याला थोडा वेळ लागला. १९६५ साली 'मरिनर ४' हे यान मंगळाजवळून गेलं आणि जाता जाता त्याने २२ फोटो काढले. त्यात दिसली ती चंद्रासारखी विवरांनी भरलेली, मेलेली जमीन. नोव्हेंबर १९७१ मध्ये 'मरिनर ९' पोहोचलं. दुसऱ्या ग्रहाभोवती फिरत राहिलेलं ते पहिलं यान. पोहोचलं तेव्हा सगळ्या मंगळावर धुळीचं वादळ होतं, काही म्हणता काही दिसत नव्हतं. पण कक्षेतच असल्यामुळे ते थांबू शकलं. काही आठवड्यांनी धूळ खाली बसू लागली आणि जे दिसलं त्याने सगळी कल्पनाच बदलली. कोरडी पात्रं. एकाला एक मिळत जाणारी, फांद्या फुटलेली, शेकडो किलोमीटर लांबीची.

या पात्रांचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि हा फरक लक्षात आला की मंगळाचा अर्धा इतिहास उलगडतो.

पहिला प्रकार म्हणजे दऱ्यांची जाळी. ती मुख्यतः दक्षिणेकडच्या जुन्या, उंच प्रदेशात आहेत. पिंपळाच्या पानावरच्या शिरांसारखी रचना: बारीक ओहळ ओढ्याला मिळतो, ओढा नदीला. असं जाळं एका रात्रीत होत नाही. पाणी चहूकडून, पुन्हा पुन्हा, दीर्घ काळ यावं लागतं. म्हणजे पाऊस, किंवा बर्फ पडून त्याचं वितळणं. फांद्या एकमेकींना कोणत्या कोनात मिळतात यावरूनही काही कळतं. पृथ्वीवर जिथे भूजल झिरपून ओढे तयार होतात तिथे हा कोन मोठा असतो. जिथे कोरड्या मुलखात अधूनमधून जोराचा पाऊस येऊन पाणी जमिनीवरून धावतं तिथे कोन अरुंद असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मंगळावरचे कोन मोजले, तर ते दुसऱ्या प्रकाराशी जुळले.

वय कसं कळतं? विवरं मोजून. अवकाशातून दगड कोसळत राहतात, त्यामुळे जमीन जितकी जुनी तितकी तिच्यावर विवरं जास्त. चंद्रावरून आणलेल्या दगडांची वयं प्रयोगशाळेत काढलेली असल्याने या मोजणीला आधार मिळतो. त्या हिशेबाने बहुतेक जाळी साडेतीन ते चार अब्ज वर्षांपूर्वीची ठरतात.

दुसरा प्रकार महापुरांच्या पात्रांचा. यांना उपनद्या जवळजवळ नाहीतच. उगमापाशीच ती पूर्ण रुंदीची सुरू होतात, आणि तो उगम म्हणजे खचलेल्या, तुकडे तुकडे झालेल्या जमिनीचा पट्टा. असं समजतात की जमिनीखाली गोठलेल्या थराच्या खाली पाणी दाबाखाली कोंडलेलं होतं. वरचं झाकण कुठेतरी फुटलं, पाणी लोंढ्यासारखं बाहेर पडलं आणि आधार गेल्याने वरची जमीन कोसळली. 'अरेस व्हॅलिस' या पात्रात तर विवरांच्या कडांना वळसा घालून गेलेल्या पाण्याने मागे अश्रूच्या थेंबासारखी बेटं सोडली आहेत. टोक कुठे आहे यावरून प्रवाहाची दिशा आजही वाचता येते. ४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान मुद्दाम याच पात्राच्या मुखाशी उतरवलं. पुराने वेगवेगळ्या ठिकाणचे दगड वाहून आणून एका जागी टाकले असणार, हा त्यामागचा साधा विचार. तिथले काही दगड एकाच बाजूला कललेले दिसले, पूर ओसरल्यावर नदीपात्रात दिसतात तसे.

इतका प्रचंड पूर खरंच येऊ शकतो का, ही शंका एकेकाळी पृथ्वीबद्दलच होती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचा, एक प्रदेश विचित्रपणे खरवडलेला आहे. जे. हार्लन ब्रेट्झ या भूशास्त्रज्ञाने १९२३ पासून सांगायला सुरुवात केली की हे एका महापुराचं काम आहे. जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं. हळूहळू पुरावा साठत गेला: हिमयुगात बर्फाच्या बांधामागे मिसुला नावाचं सरोवर तुंबलं होतं, बांध फुटला आणि सगळं पाणी एकदम सुटलं, तेही एकदा नव्हे, अनेकदा. मरिनरचे फोटो आले तेव्हा मंगळावरची पात्रं कशासारखी दिसतात याचं उत्तर ब्रेट्झच्या प्रदेशात तयार होतं. १९७९ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्याला अमेरिकेतल्या भूशास्त्राचं सर्वोच्च मानाचं पदक मिळालं. मंगळावरच्या अशा काही पात्रांचं काम पाण्याऐवजी पातळ लाव्हाने केलं, असं मानणारे अभ्यासक आजही आहेत. एखाद्या पात्राबाबत ते बरोबर असतीलही, पण बहुतेकांना पाण्याचंच स्पष्टीकरण जास्त पटतं.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. मंगळावरच्या मोठ्या दऱ्यांना वेगवेगळ्या भाषांतली मंगळाचीच नावं देण्याचा संकेत आहे. 'कासेई' हे जपानी, 'अरेस' ग्रीक, 'मआदिम' हिब्रू. आणि महापुराच्या एका पात्राचं नाव आहे 'मंगल', थेट संस्कृतातून घेतलेलं.

वाहत्या पाण्यानंतर साठलेलं पाणी. विवर म्हणजे आयती वाटी. तिच्यात नदी शिरली की तळं होतं. 'पर्सिव्हिअरन्स' रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ज्या जेझेरो विवरात उतरला, ते सुमारे ४५ किलोमीटर व्यासाचं आहे. त्याच्या पश्चिमेच्या कडेतून एक पात्र आत येतं आणि पूर्वेच्या कडेतून एक बाहेर जातं. हे बाहेर जाणारं पात्र फार मोलाचं. तळं काठोकाठ भरून ओसंडल्याशिवाय ते कोरलं जाऊच शकत नाही. त्यामुळे इथे कधीकाळी भरलेलं सरोवर होतं हे रोव्हर पाठवण्याआधीच ठाऊक होतं. आत येणाऱ्या पात्राच्या तोंडाशी गाळाचा पंखा पसरलेला आहे, तो त्रिभुज प्रदेश.

असा पंखा कसा होतो, हे आपल्याकडे लोणारला बघता येतं. लोणारचं विवर अशनी आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि तेही दख्खनच्या बसाल्टमध्ये. मंगळाचं कवचही मुख्यतः बसाल्टचंच. पृथ्वीवर बसाल्टमध्ये झालेली अशी विवरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असल्यामुळे मंगळाचे अभ्यासक लोणारला येत असतात. तिथे ईशान्येच्या बाजूने 'धार' म्हणतात तो झरा उतरतो. त्याने विवराची कड कापून घळ पाडली आहे, आणि जिथे उतार संपतो तिथे आणलेला गाळ पंख्यासारखा पसरून टाकला आहे. जेझेरोमध्ये हेच घडलं, फक्त कितीतरी मोठ्या मापाने. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या लहान गावांची नावं देतात. जेझेरो हे बोस्नियातलं एक गाव. त्याच रीतीने मंगळाच्या उत्तर भागातल्या एका विवराचं नाव लोणार आहे.

जेझेरोच्या त्रिभुज प्रदेशापासून सुटा पडलेला एक छोटा डोंगर आहे, 'कोडियाक' नावाचा. त्याच्या कापलेल्या बाजूवर थर उघडे पडलेत. तळाशी आडवे थर, मध्ये तिरके, वर पुन्हा आडवे. नदी संथ पाण्यात शिरली की तिच्या ओझ्यातला जाड माल लगेच उतारावर घसरतो, तो तिरका थर. बारीक गाळ पुढे जाऊन तळाशी निजतो, आणि नदीचं पात्र पुढे सरकतं तसे वर आडवे थर चढतात. तिरके थर जिथे संपून वरचे आडवे सुरू होतात, ती रेघ म्हणजे जवळपास तेव्हाची पाण्याची पातळी. ती रेघ पाहून कळलं की कोडियाकचा गाळ साठत होता तेव्हा सरोवर ओसंडून वाहत नव्हतं; पातळी त्याहून १०० मीटरच्या आसपास खाली होती. त्रिभुज प्रदेशाच्या वरच्या थरांत मात्र दीड मीटरपर्यंतचे धोंडे आहेत. ते वाहून आणायला संथ नदी पुरत नाही, जोराचा पूर लागतो. म्हणजे आधी शांत सरोवर, पुढे कधीतरी पुरांचे फटके. एका डोंगराच्या कडेवर आणि काही धोंड्यांत हवामान बदलल्याची नोंद आहे.

पाण्याने मंगळाला आकार दिला म्हणताना आपण कोरीवकामच डोळ्यांपुढे आणतो. पण पाणी दगड आतूनही बदलतं. बसाल्ट दीर्घ काळ पाण्यात राहिला की त्याची चिकणमाती होते, आणि या चिकणमातीची खनिजं मंगळाच्या जुन्या भागांत कितीतरी ठिकाणी सापडली आहेत. 'ऑपॉर्च्युनिटी' रोव्हर जानेवारी २००४ मध्ये उतरला तेव्हा समोर काही मिलिमीटरच्या गोळ्याच गोळ्या पसरलेल्या होत्या. त्या हेमॅटाइट या लोहखनिजाच्या निघाल्या. खडकात मुरलेल्या पाण्यातून लोह एका बिंदूभोवती साचत गेलं आणि गोळी बनली. आपल्या काळ्या जमिनीत नांगर लावला की चुनखडीचे खडे वर येतात, तेही असेच मातीत मुरणाऱ्या पाण्यातून चुना साचत साचत झालेले असतात. मंगळावर वाऱ्याने भोवतालचा मऊ खडक उडवून नेला आणि टणक गोळ्या मागे राहिल्या.

पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो भेगांचा पुरावा. चिखल पहिल्यांदा वाळतो तेव्हा पडणाऱ्या भेगा एकमेकींना काटकोनात भिडतात: एक सरळ, दुसरी येऊन तिच्यावर थांबलेली. तोच चिखल पुन्हा भिजला, पुन्हा वाळला, असं अनेकदा झालं की जोडाची जागा हळूहळू बदलते आणि तिथे तीन भेगा सारख्या कोनात फुटतात. चौकोनांचे मग षटकोन होतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. गेल विवराच्या मधोमध असलेल्या डोंगरावर क्युरिऑसिटीला जे सापडले ते असे, काही सेंटिमीटरचे षटकोन. २०२३ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकदा पूर येऊन आटला, एवढंच तिथे घडलेलं नाही. ओलं, कोरडं, ओलं, कोरडं, असं चक्र तिथे फिरत होतं. त्याच डोंगराच्या आणखी वरच्या थरांत उथळ पाण्याच्या तळाशी लाटांनी उठवलेल्या वळ्या दगड होऊन राहिल्या आहेत. सरोवरावर बर्फाचं झाकण असतं तर वाऱ्याला लाटा उठवताच आल्या नसत्या. पाणी उघडं होतं.

इथे या बारक्या खुणा एका मोठ्या वादात कामाला येतात. साडेतीन-चार अब्ज वर्षांपूर्वी सूर्य आजच्यापेक्षा पंचवीस ते तीस टक्के मंद होता. तेव्हाचा मंगळ गोठलेलाच असायला हवा होता. मग नद्या कशा वाहिल्या? काही जण म्हणतात हवा दाट होती आणि मंगळ बराच काळ उबदार होता. काही जण म्हणतात तो थंडच होता, ज्वालामुखी किंवा मोठे आघात यांमुळे अधूनमधून काही काळ ऊब येई. गोलाकार गोटे, षटकोनी भेगा, लाटांच्या वळ्या पाहता पूर्ण गोठलेल्या मंगळाची कल्पना मला टिकत नाही. ऊब सलग होती की तुकड्यातुकड्यांनी, हा वाद मात्र चालू आहे. उत्तरेच्या सखल भागात समुद्र होता का, हाही तसाच उघडा प्रश्न.

हे सगळं आपल्याला वाचता येतं याचं एक कारण मंगळाच्या स्वभावात आहे. पृथ्वीवर भूपट्ट सरकतात, जुना कवचाचा भाग खाली जाऊन वितळतो, वर पाऊस सतत घासत असतो. त्यामुळे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीचं नदीपात्र आपल्याकडे जसंच्या तसं शोधून सापडायचं नाही. मंगळावर भूपट्टांची ही उलथापालथ नाही, पाऊस कधीच थांबला, म्हणून त्या काळाचं पान तिथे पुसलं न जाता बरंचसं उरलं.

पाणी गेलं कुठे? एक भाग वर गेला. मंगळाचं चुंबकीय क्षेत्र सुमारे चार अब्ज वर्षांपूर्वी विझलं आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतापुढे हवा उघडी पडली. सप्टेंबर २०१४ पासून मंगळाभोवती फिरलेल्या 'मेव्हन' यानाने मोजलं, तर आजही सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम हवा निसटते; तरुण, चिडक्या सूर्याच्या काळात हे प्रमाण कितीतरी जास्त होतं. त्याच सप्टेंबरमध्ये, २४ तारखेला, आपलं मंगळयानही कक्षेत पोहोचलं होतं, आणि मंगळाच्या हवेचा हाच सगळ्यात बाहेरचा, निसटता थर तपासणारं उपकरण त्यावर होतं. पाणी उडाल्याची एक ठळक खूण हवेतच आहे. हायड्रोजनचे हलके अणू सहज निसटतात, जड मागे राहतात. मंगळाच्या हवेत जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या साधारण पाच-सहापट आहे. हलकं बरंच उडून गेल्याशिवाय जड इतकं साचत नाही.

दुसरा भाग खाली गेला: चिकणमातीच्या आणि इतर खनिजांच्या रचनेत पाणी कायमचं बांधलं गेलं. आणि तिसरा भाग बर्फ होऊन अजून तिथेच आहे, ध्रुवांवर आणि जमिनीखाली.

आजही वाहतं पाणी आहे का, या प्रश्नाने एकदा चकवलंय. २०११ मध्ये काही उतारांवर उन्हाळ्यात वाढणारे काळसर ओघळ दिसले आणि २०१५ मध्ये ते खारट पाण्याचे असावेत अशी बातमी जगभर झाली. पण २०१७ च्या अभ्यासात दिसलं की हे ओघळ फक्त कोरडी वाळू आपोआप घसरेल इतक्या तीव्र उतारावरच आढळतात. पाण्याला इतका उतार कशाला हवा? वाळूचंच स्पष्टीकरण आता जास्त पटतं.

बर्फाबद्दल मात्र शंका उरली नाही. मे २००८ मध्ये 'फिनिक्स' यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडच्या मैदानात उतरलं. त्याने यांत्रिक हाताने माती उकरून एक चर खणला. काही सेंटिमीटरवरच पांढरं काही लागलं, आणि चराच्या तळाशी फाशांएवढे काही खडे सावलीत पडलेले फोटोत आले. ते मीठ असतं तर जागच्या जागी राहिलं असतं. गोठलेला कार्बन डायऑक्साइड असता तर त्या तापमानाला एक दिवसही टिकला नसता. चार दिवसांनी त्याच जागेचा पुन्हा फोटो काढला. चर तसाच होता, माती तशीच होती, आणि ते खडे नव्हते. पाण्याचा बर्फ न वितळता सरळ वाफ होऊन हवेत मिसळून गेला होता.